काठी वाकडी, हिशेब सरळ

दिवाळीची साफसफाई म्हणजे संसाराची वार्षिक तपासणी. माळ्यावरून जे जे खाली उतरते ते टाकून द्यावे असे एकाला वाटते, ते पुन्हा वर चढवावे असे दुसऱ्याला वाटते, आणि हा वाद मिटण्यापूर्वीच वसुबारस दाराशी येऊन उभी राहते. आमच्या घरी यंदा वाद झाला तो माळ्यावरच्या वस्तूवरून नव्हे. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात एक वीतभर उंचीचा चांदीचा पेला आहे, त्यावरून झाला. सौभाग्यवतीने तो रांगोळीने घासून लख्ख केला, उजेडात धरला आणि सहज विचारले,

"अहो, सगळ्या पाहुण्यांना मी हा पेला दाखवते. तुम्ही मात्र त्याच्याकडे कधी धड बघत नाही. असं का?"

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला अडचणीचा प्रश्न कसा टाळावा हे शिकवावे लागत नाही. पण वाचकहो, दर आठवड्याला या पानावर तुमची आमची गाठ पडते, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर दरसाल तुम्ही आमचे चार शब्द गोड मानून घेता. तुमच्यासमोर वर्तमानपत्र धरता येत नाही. म्हणून त्या पेल्याची हकिकत आज सांगूनच टाकतो.

पेला गोल्फचा आहे. गोल्फ म्हटले की आपल्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी या खेळाची व्याख्याच केली होती: 'आपलाच चेंडू, आपणच लांब फेकायचा, आपणच शोधत हिंडायचे आणि सापडला की पुन्हा फेकायचा. त्यापेक्षा तो खिशात घालून सरळ घरी का येत नाही?' या प्रश्नाला आजवर एकाही गोल्फवाल्याला उत्तर देता आलेले नाही.

आमची चौकडी आहे. मेजरसाहेब, डॉक्टर, वकीलसाहेब आणि मी. चौघेही निवृत्त, चौघांचेही गुडघे आपापल्या मताचे. दर रविवारी उजाडता उजाडता आम्ही मैदानावर हजर असतो. चार तास चालतो आणि मग व्हरांड्यात चहा घेत चार तास बोलतो. आता खरे सांगायचे तर गोल्फ हा खेळ मुख्यतः बोलण्याचा आहे. खेळणे हे केवळ विषय मिळावा म्हणून. बोलण्याचे विषय तीनच: कुठली मैदाने चांगली, पुढची सहल कुठे, आणि धंदेवाईक खेळाडूंचे काय चालले आहे.

मैदानांच्या बाबतीत मेजरसाहेबांचा शब्द अखेरचा. फौजेच्या नोकरीत त्यांनी अर्धा देश गोल्फच्या काठीने मोजला आहे. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ सालचा, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेर इतका जुना गोल्फ क्लब जगात दुसरा नाही, हे ते दर महिन्याला एकदा सांगतात. तिथे पावलोपावली तळी आहेत. "चेंडू पाण्यात पडला की बंगाली माणूस हळहळत नाही," वकीलसाहेब म्हणतात, "तो आधी मासा आहे का बघतो." आपल्या मुंबईतही १८४२ साली क्लब निघाला होता; तेव्हा आगगाडीदेखील सुरू व्हायची होती. दिल्लीच्या मैदानावर झाडीत जुन्या कबरी आणि घुमट उभे आहेत, आणि फटका मारायला काठी उचलावी तो शेजारून मोर ओरडतो. सिमल्याजवळ नालदेऱ्याचे लहानसे मैदान देवदारांच्या कुशीत आहे. ती जागा लॉर्ड कर्झनला इतकी आवडली की त्याने आपल्या धाकट्या मुलीच्या नावात 'नालदेरा' घातले. "आम्हीही आमच्या मुलीचं नाव लोणावळा ठेवायला हवं होतं," असे डॉक्टर म्हणाले होते.

डॉक्टर असेच. मोजके बोलायचे आणि मिशीत हसायचे. आमच्यात खेळही त्यांचाच उत्तम. या खेळात हँडिकॅप म्हणून एक सोय आहे. तुम्ही जितके कच्चे, तितके फटके तुमच्या बेरजेतून वजा करून मिळतात. त्यामुळे आजोबा नातवाशी आणि कारकून साहेबाशी बरोबरीने खेळू शकतो. मला १८ मिळायचे, डॉक्टरांना ९. तरीही तेच जिंकायचे.

धंदेवाईक खेळाडू हा विषय निघाला की व्हरांड्याचे कोर्ट होते. वकीलसाहेब हौशी खेळाडूंचे वकीलपत्र घेतात. त्यांचा पहिला साक्षीदार बिल्लू सेठी. इंडियन ओपन ही स्पर्धा १९६४ साली दिल्लीत सुरू झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनने ती जिंकली. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, कलकत्त्यात पी. जी. ऊर्फ बिल्लू सेठी या आपल्या हौशी गड्याने धंदेवाईकांना मागे टाकून ती खिशात घातली.

मेजरसाहेबांचा उलटतपास ठरलेला: "आणि त्यानंतर? पुन्हा भारतीय माणूस ती स्पर्धा जिंकायला १९९१ साल उजाडलं. कोण जिंकला? अली शेर. कोण होता तो? कॅडी! तुमच्या-माझ्या पिशव्या वाहणारा पोरगा."

यावर क्षणभर कोणी बोलत नाही. कारण आमच्या पिशव्या तेवढ्यात व्हरांड्याच्या पायरीशी कोणीतरी आणून ठेवत असतो.

मुळात या खेळातला धंदेवाईक तसाच जन्माला आला. १८६० साली स्कॉटलंडात प्रेस्टविक येथे पहिली ओपन स्पर्धा झाली. खेळाडू आठ, सगळे पोटासाठी खेळणारे; कोणी कॅडी, कोणी चेंडू बनवणारा, कोणी मैदानाची निगा राखणारा. बारा होलांच्या मैदानाला तीन फेऱ्या घातल्या आणि विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. बक्षीस काय, तर एक चामड्याचा पट्टा; रोख दिडकी नाही. पुढे पैसा आला, पण मान यायला फार दिवस लागले. क्लबाच्या इमारतीत धंदेवाईकाने पाऊल टाकायचे नाही, अशी रीत होती. १९२० साली वॉल्टर हेगन हा अमेरिकन इंग्लंडात डील येथे खेळायला गेला. कपडे बदलायला आत जागा नाही म्हटल्यावर त्याने एक भली थोरली भाड्याची मोटार क्लबाच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले! त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडो गावच्या क्लबाने धंदेवाईकांना दार उघडले, तेव्हा त्या खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबाला एक उंच घड्याळ भेट दिले.

आज त्याच खेळाडूंच्या नातवंडांपुढे पैशाच्या थैल्या ओतल्या जातात. २०२२ साली सौदी सरकारच्या निधीतून नवी मालिका निघाली आणि नामांकित खेळाडू इकडचे तिकडे गेले. तेव्हापासून वकीलसाहेबांना रविवारी विषयाची वाण पडलेली नाही.

आपली माणसेही या बाजारात मागे नाहीत. जीव मिल्खा सिंग २००७ साली ऑगस्टाला मास्टर्स स्पर्धेत खेळला. तिथे खेळणारा तो पहिला भारतीय. अनिर्बान लाहिरी तर पुण्यात जन्मलेला. २०२२ च्या प्लेयर्स स्पर्धेत एका फटक्याने दुसरा आला. आणि ७ ऑगस्ट २०२१ ची ती सकाळ! अदिती अशोक टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये शेवटची फेरी खेळत होती आणि तिची पिशवी तिच्या आईने खांद्यावर घेतली होती. आमच्या सौभाग्यवतीने त्या दिवशी कुकरच्या शिट्या मोजल्या नाहीत. पोरगी चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचे सुवर्णपदक आले आणि देश नाचला, पण सौभाग्यवती म्हणाली, "मला बाई त्या मायलेकींचंच वाईट वाटतंय."

एक फटका! या खेळात सगळे एका फटक्यावर येऊन थांबते. आणि आता पेल्याकडे वळतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या क्लबाची वार्षिक स्पर्धा होती. त्या दिवशी माझ्या अंगात काय संचारले होते कोण जाणे. चेंडू सांगेन तिकडे जात होता. चौदाव्या होलवर तो उंच गवतात गेला. माझा कॅडी आणि मी तिथे पोचलो. बाकीचे तिघे पलीकडच्या बाजूला होते. मी काठी चेंडूमागे टेकवली. गवत हलले आणि चेंडू वळसा घेऊन बोटभर खाली बसला.

नियम स्वच्छ आहे. चेंडू तुमच्यामुळे हलला, तर एक फटका दंड आणि चेंडू जागच्या जागी ठेवून खेळायचे. न ठेवता तसेच खेळलात तर दंड दोन. क्रिकेटमध्ये पंच असतो, फुटबॉलमध्ये शिट्टी असते. गोल्फमध्ये गवतात तुम्ही आणि तुमचा चेंडू. मी वर पाहिले. पलीकडून कोणी बघत नव्हते. कॅडी आभाळाकडे बघत होता. मी तसाच फटका मारला.

संध्याकाळी बेरीज झाली. हँडिकॅप वजा जाता माझे ७१, डॉक्टरांचे ७२. अठराव्या होलवर डॉक्टरांना दोन फुटांवरून चेंडू भोकात ढकलायचा होता. तो गेला असता तर बरोबरी होती. त्यांचा हात किंचित थरथरला आणि चेंडू भोकाच्या काठावरून निसटला. मी कार्डावर सही केली. टाळ्या पडल्या. पेला घरी आला. लाकडी फलकावर माझे नाव सोनेरी अक्षरांत रंगले.

त्या रविवारनंतर डॉक्टर खेळायला आले नाहीत. कंपवाताची सुरुवात आहे, असे त्यांनीच सांगितले. निदानही त्यांचे त्यांनीच केले होते. "हाताचं ऐकायचे दिवस संपले," एवढेच म्हणाले. चहाला मात्र नियमाने येत.

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही चौघे स्कॉटलंडला गेलो. बारा वर्षे ठरत होती ती सहल. सेंट अँड्र्यूज म्हणजे गोल्फवाल्यांची पंढरी. १७६४ साली तिथल्या मंडळींनी बावीस होलांचे अठरा केले, आणि पुढे जगानेही अठराच मानले. काठ्यांच्या पिशव्या तीनच होत्या. डॉक्टर म्हणाले, "मी नुसता चालीन. वारकऱ्याला टाळ लागतोच असं नाही."

तिथल्या जुन्या मैदानाचे विशेष हे, की ते कुणा राजाचे किंवा क्लबाचे नाही, सार्वजनिक आहे. खेळायचे असेल तर दोन दिवस आधी नाव द्यायचे, मग चिठ्ठ्या निघतात. आमची चिठ्ठी दोन्ही वेळा निघाली नाही. शेजारच्या 'नव्या' मैदानावर आम्ही खेळलो. नवे म्हणजे १८९५ सालचे! आणि मग रविवार उजाडला. रविवारी जुन्या मैदानावर सहसा खेळ बंद असतो. ते सगळ्या गावाचे अंगण होते. लोक कुत्री घेऊन येतात, मुले वाळूच्या खड्ड्यांत किल्ले करतात, आजीबाई बाकावर विणत बसतात. आपल्याकडे एखाद्या क्लबाने अशी एक दिवस तरी फाटके उघडावीत, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. फुकटात आम्ही त्या पंढरीची अठरा होलांची प्रदक्षिणा केली.

अकराव्या होलापाशी मेजरसाहेब थांबले. "बॉबी जोन्सनं हार मानली ती इथं," ते म्हणाले. बॉबी जोन्स हा हौशी खेळाडूंचा मुकुटमणी. धंद्याने वकील, स्पर्धांत बक्षिसाचा एक पैसा घेतला नाही. १९२१ साली एकोणीस वर्षांचा असताना तो इथे वाळूत अडकला, चिडला आणि स्पर्धा अर्ध्यावर टाकून मोकळा झाला. पण १९२७ साली याच मैदानावर तो ओपन जिंकला, आणि चषक घरी न नेता इथेच राहू द्या म्हणाला. १९३० साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या ओपन आणि हौशी, अशा चारही स्पर्धा त्याने एका वर्षात जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी काठी खाली ठेवली.

"पण मला तो आठवतो तो १९२५ चा," मेजरसाहेब पुढे म्हणाले. "अमेरिकन ओपन. गवतात चेंडू किंचित हलला. कुणी पाहिलं नाही, पंचांना पटेना, पण हा म्हणाला, हलला. स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत एका फटक्यानं हरला. लोक वाहवा करायला लागले, तर म्हणाला, बँक लुटली नाही म्हणून माणसाचं कौतुक करतात का?"

वकीलसाहेब मोठ्याने हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ऐका, बँकवाले!"

मी समुद्राकडे बघू लागलो.

डॉक्टरांना त्यातले दुसरेच आठवत होते. "त्याला पुढे मज्जारज्जूचा विकार झाला," ते हळूच म्हणाले. "१९४८ नंतर खेळ बंद. १९५८ साली या गावानं त्याला मानाचं नागरिकत्व दिलं, तेव्हा काठीच्या आधारानं आला होता. ज्या हातांनी सगळं दिलं, ते हात गेल्यावरसुद्धा गाव त्याला विसरलं नाही." एवढे बोलून त्यांनी आपला उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

घरी आल्यावर मी नियमांचे पुस्तक काढले. १९६८ साली मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विचेंझोचे काय झाले ते मला माहीत होते. सतराव्या होलवर त्याला तीन फटके लागले, जोडीदाराने चुकून चार लिहिले, याने न बघता सही केली. बरोबरीचा हक्क गेला, आणि तो दिवस त्याच्या वाढदिवसाचा होता. स्वतःच्या विरुद्ध जाणारी निरागस चूकसुद्धा कार्डाला माफ नाही. मग जाणूनबुजून केलेली? पुस्तकात लिहिले आहे की दंड ठाऊक असून कमी आकडा लिहिलात, तर स्पर्धा संपल्यावरही तुम्ही बाद ठरता. एरवी जुन्या प्रकरणांना मुदतीची मर्यादा असते, याला नाही. आमच्या बँकेतसुद्धा जुनी येणी कधीतरी बुडीत खाती जातात. हे खाते उघडेच होते.

तर यंदा सौभाग्यवतीने पेला उजेडात धरला आणि तो प्रश्न विचारला. मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि तिला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. तिने पेला जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

डॉक्टर बागेत बसले होते. मी जे घडले ते सांगितले. चौदावा होल, गवत, बोटभर हललेला चेंडू. माझे ७१ नव्हे, ७३. त्यांनी रागवावे अशी माझी तयारी होती. निदान थट्टा तरी करावी. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले,

"म्हणजे तो शेवटचा चेंडू चुकला, तरी मी जिंकलो होतो?"

"हो."

"दोन वर्षं झाली. रात्री जाग आली की तो दोन फुटांचा चेंडू दिसतो मला. ह्या हातानं घालवला, असं म्हणत होतो. त्या हातावर माझा विश्वास उरला नाही, म्हणून मी काठी ठेवली. आजारापायी नव्हे."

वाचकहो, मी समजत होतो की मी एक पेला चोरला. माणसाचा हात चोरला होता, हे मला त्या दिवशी कळले. 'मला माफ करा' असे म्हटले, पण ते शब्द इतके लहान वाटले की मलाच ऐकू आले नाहीत. डॉक्टरांनी माफ केले असे म्हटले नाही, केले नाही असेही म्हटले नाही. पेला घेतला, त्यावरचे माझे नाव वाचले आणि म्हणाले, "हे खोडायला सोनाराकडे टाकावं लागेल. खर्च तुमचा."

क्लबाच्या कमिटीला मी पत्र लिहिले. फलक उतरवून रंगाऱ्याकडे गेला आहे. काही मंडळी हल्ली माझ्याशी जरा जपून बोलतात, आणि ते रास्तच आहे. ज्याने वर्षानुवर्षे माझी पिशवी वाहिली त्या कॅडीला मी सांगितले, तेव्हा तो पिशवीचा पट्टा नीट करत म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मी त्र्याहत्तरच मोजले होते." मग जरा थांबून, "मला वाटलं, साहेब उद्या सांगतील."

चेंबूरच्या वस्तीत राहणारी कॅडींची पोरे लोखंडी सळया तापवून, वाकवून त्यांच्या काठ्या करतात आणि गल्लीबोळांतून गोल्फ खेळतात. पूर्वी मला त्याचे कौतुक वाटे ते जुगाडाचे. आता वाटते, तिथेही कुणीतरी फटके मोजत असेल, आणि बहुधा बरोबर मोजत असेल.

गेल्या रविवारी डॉक्टर मैदानावर आले. अठरा नाही, तीनच होल खेळले. पहिल्या ग्रीनवर त्यांनी दोन फुटांवरून चेंडू ढकलला. हात थरथरला. चेंडू काठावर घुटमळला आणि बाहेरच राहिला. वकीलसाहेब म्हणाले, "राहू द्या, धरला." डॉक्टर म्हणाले, "नाही. मोजा." आणि आणखी एक फटका मारून त्यांनी तो आत घातला.

काचेच्या कपाटात पेल्याची जागा रिकामी आहे. तिथे काय ठेवायचे, असे मी विचारले, तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "काही नको. दिवाळीपुरती एक पणती ठेवीन." पाहुणे विचारतील, इथला पेला कुठे गेला? तिने मला बजावून ठेवले आहे, की त्याचे उत्तर मीच द्यायचे.